घरी राहिलेला चष्मा

साहेब, चूक तुमची आहे. माझीही आहे, पण ती मी पुढं सांगणारच आहे, आधी तुमची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांनी परवाना टिकवायचा तर लेखी परीक्षा द्यायची, असा नियम तुम्ही काढलात. आणि ज्याला वाचायची अडचण आहे त्यानं मदत मागायची तर चौदा पानांचा अर्ज वाचून भरायचा. बुडणाऱ्यानं आधी काठावर पोहत यावं आणि मग दोरी मागावी, असला तुमचा कारभार.

मी लिफ्टचा मेकॅनिक. सव्वीस वर्षं झाली. लिफ्टचा नुसता आवाज ऐकून कुठला भाग कुरकुरतोय ते सांगतो. पॅनेलमधल्या वायरींवरची बारीक अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून मी त्यांना दोऱ्याच्या गाठी मारतो. एक गाठ ब्रेक, दोन गाठी दरवाजा, तीन गाठी म्हणजे बाबा रे, हात लावू नकोस. आजवर एकही माणूस माझ्या लिफ्टमध्ये अडकलेला नाही. अडकलोय तो मी.

तिसरीत बाईंनी प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, 'मुद्दाम चुका करतो.' मला तो वाचता आला नाही, म्हणून मी तो नाचत नाचत घरी नेऊन दाखवला. वडिलांनी त्याचा अर्थ पाठीवर समजावून सांगितला.

तेव्हापासून मी शहाणा झालो. कामावर कुणी कागद पुढं केला की खिसे चाचपायचे आणि म्हणायचं, "अरेच्चा, चष्मा घरी राहिला!" सव्वीस वर्षं चष्मा घरी. माझं नावच 'चष्मा' पडलं. माझ्या नाकावर चष्मा कधी कुणी पाहिलेला नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. असे हुशार लोक परीक्षेत पास होतात आणि मी नापास.

तुमचा नियम आला तेव्हा आमच्या मुकादमानं माझा अर्ज भरायला घेतला. भला माणूस. "चष्म्या, अडचण काय लिहू?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण चार जण चहा घेऊन उभे होते. मी म्हणालो, "तेच आपलं... नीट दिसत नाही."

त्यानं लिहिलं, 'दृष्टी अधू.' आणि तुम्ही, साहेब, आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत. मला मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका दिलीत. चादरीएवढा कागद! साप मोठा केला म्हणून वळवळायचा थांबतो का? पूर्वी अक्षरं पळताना निदान लहान तरी दिसायची.

नापास झालो. वर तुमचं पत्र आलं की अधू दृष्टीच्या माणसाला लिफ्टवर ठेवता येणार नाही, डोळे तपासून घ्या. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "काका, घारीची नजर आहे तुमची."

"डॉक्टर, थोडी तरी वाईट लिहा हो."

नाही लिहिली. तो कागद घेऊन तुमच्या खिडकीशी गेलो. तिथला कारकून म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत. मग मदत कशाला पाहिजे?" मी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात उभा, आणि वर तुमचा शिक्का.

घरी लेकीला सांगितलं. ती कॉलेजात आहे. चौथीत तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून डिस्लेक्सिया म्हणजे काय ते समजावलं होतं, डोकं चांगलं पण अक्षरं जुळत नाहीत. बाई तिच्याबद्दल बोलत होत्या आणि मला वाटत होतं, माझंच प्रगतिपुस्तक वाचतायत. तिला शिकवायला वेगळ्या बाई मिळाल्या, परीक्षेत जास्त वेळ मिळाला, प्रश्न वाचून दाखवणारा माणूस मिळाला.

"आणि तुम्ही तेव्हा काय म्हणालात, आठवतंय का बाबा?"

"नाही."

"'आईवर गेलीय' म्हणालात!"

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. तिच्या आईलाही आठवत होतं.

लेकीनं मला तिच्या जुन्या तपासणी केंद्रात नेलं. तिथं बाकावर एक आई बसली होती. "तुमचं मूल आत गेलं का?" मी म्हणालो, "नाही ताई, मूल मीच." आत एवढीशी खुर्ची. गुडघे कानाला लागले. रंगीत ठोकळे मी झटपट जुळवले, मग सशाची गोष्ट वाचायला दिली. ससा तिसऱ्या ओळीत हरवला तो हरवलाच. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मठ्ठ नाही. लहानपणी कुणी पाहिलं नाही, एवढंच." मला त्या खुर्चीतून उठताच येईना. डोळ्यांत कचरा गेला होता. घारीच्या.

बाईंनी दाखला दिला. तुम्ही तो परत पाठवलात, कारण दाखल्याचा नमुना अठरा वर्षांपर्यंतचा आणि मोठ्यांसाठी नमुनाच नाही. खिडकीतला कारकून म्हणाला, "अठरानंतर जातं ना ते?"

कुठं जातं, साहेब? कुठल्या गाडीनं?

काल चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "चष्मा नाहीच. कधीच नव्हता. मला वाचता येत नाही." मुकादमाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. कुणी हसलं नाही, याचा मला जरा रागच आला. मी इतकी वर्षं घाबरलो तरी कशाला? नंतर आमच्यातला सगळ्यात जुना मिस्त्री मला कोपऱ्यात घेऊन गेला.

"त्या बाईंचा पत्ता दे की. भाचीसाठी पाहिजे."

"भाची केवढी आहे?"

तो बुटांकडं बघत म्हणाला, "माझ्याएवढीच."

म्हणून हे पत्र, साहेब. मी आणि लेक फोनला बोलून सांगतोय, तो लिहितोय. चुका त्याच्या, राग माझा. 'गाढव' हा शब्द दोनदा आला होता, तो लेकीनं काढायला लावला.

पंधरा तारखेला माझी शेवटची संधी आहे. नापास झालो तर सव्वीस वर्षांच्या गाठी दुसऱ्याच्या हाती जातील आणि त्याला तीन गाठींचा अर्थ माहीत नसेल. प्रश्न ऐकू द्या, उत्तरं मी तोंडी देतो. आम्ही आता दोघं आहोत, आणि भाच्या अजून किती निघतील ते मला माहीत नाही. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस देणार की नाही? हो की नाही, तेवढंच सांगा.

आणि उत्तर लेखी पाठवू नका. फोन करा. चष्मा घरी राहिला, असं मला आता म्हणता येणार नाही.