डाव्या हाताची किटली

नवरा गेल्यावर तीन आठवड्यांनी हात्सुएच्या नणंदेने मदत म्हणून स्वयंपाकघर आवरलं आणि त्याची चहाची मातीची किटली साबणाने खसाखसा घासली. चाळीस वर्षांत त्या किटलीला साबण लागला नव्हता. मातीत तो मुरला आणि चहाला त्याचा वास येऊ लागला. हात्सुएला राग आला नाही. त्या दिवसांत तिला काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं.

नणंदच तिला किटल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तोकोनामे गावी, इवासे नावाच्या म्हाताऱ्या कुंभाराकडे घेऊन गेली.

"कुठलीही द्या," हात्सुए म्हणाली.

"कुठलीही कशी? पाणी ओतून बघा की," म्हातारा म्हणाला.

तिने तीन किटल्यांनी पाणी ओतलं. तिन्हींची मूठ तोटीच्या उजव्या अंगाला होती, त्यामुळे दर वेळी तिला मनगट उलटं वळवावं लागलं. ते पाहून त्याने विचारलं, "ताई, डावखुऱ्या का हो तुम्ही?"

"हो."

"मग इतकी वर्षं कसं ओतलंत?"

"असंच. किटली त्यांची होती."

इवासेने आतून डावीकडे मूठ असलेली किटली आणली. तिची धार सरळ पडली, झाकणातून थेंबही गळला नाही.

"नुसत्या गरम पाण्याने धुवायची, झाकण काढून वाळवायची," त्याने बजावलं.

"ऐकलंस ना?" हात्सुए नणंदेला म्हणाली. नणंद ओशाळली.

घरी येऊन हात्सुएने चहा केला. एक पेला नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा स्वतः प्यायली. उकळत्या पाण्याने चहा कडू झाला होता. पाणी पुढच्या वेळी थोडं निववून घ्यायचं, एवढंच तिच्या मनात आलं.