बंद काचांची गाडी

उत्तरेश्वरने गेजच्या नळ्या गाडीच्या एसीच्या पाइपांना जोडल्या आणि थरथरणारे काटे स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. गॅस पुरेपूर होता. तरीही कंप्रेसर मुका बसून होता.

गेवराईच्या बायपासवर मे महिन्याची उतरती दुपार पांढरीफटक पडली होती. समोरच्या हॉटेलात, पंख्याखाली, गाडीचे मालक बंकटअण्णा चहा पीत होते. वाळूच्या घाटावरून वैर ओढवून घेतल्यापासून अण्णा गाडीच्या काचा उतरवू देत नसत. मागच्या डाव्या सीटवर, काळ्या काचेआडच्या थंडाव्यात बसून ते सारा तालुका फिरत. आज एसी बंद पडला आणि गॅरेजपाशी उतरताना त्यांचा सदरा पाठीला चिकटून आला.

"सेन्सर गेला आसंल," ड्रायव्हर सुग्रीव म्हणाला. "नवा टाकावा लागंल म्हन. उद्या मिळंल म्हनून सांग."

"तू मेकॅनिक कवा झालास बे?"

सुग्रीव हसला नाही. एकाच गल्लीत वाढलेली ही दोन माणसे. न हसण्याचाही अर्थ एकमेकांना कळत होता.

उत्तरेश्वरने प्रेशर सेन्सरचा प्लग काढून मीटर लावला. सेन्सर धडधाकट होता. त्याचा निरोपच पुढे पोहोचत नव्हता. वायरीवरून बोटे फिरवत तो मागे गेला. एका जागी टेप नवी लागली. ती सोलली. आतली बारीक वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. ब्लेडने, घाई न करता.

त्याने मान वर केली. सुग्रीव स्वच्छ आरसाच पुन्हा पुसत होता.

"सुग्र्या, ही तू कापलीस?"

"हळू बोल." फडके थांबले. "दिवस बुडायला घाटाच्या रस्त्यानं जायचंय. उकाड्यानं म्हातारा काच खाली घेईल. कोन कुठं बसलंय, एवढंच त्या घाटावरल्या लोकान्ला दिसाया पायजे. आमचा धाकला अंगद ह्याच्याच वाळूच्या हायवा ट्रकखाली गेला. अन् मी आजून ह्याचीच गाडी पुसतोय."

"पुढच्या सीटवर तूच आसशील की."

"माझं बघू नगंस."

अंगदच्या तिरडीला उत्तरेश्वरनेही खांदा दिला होता. तो खांदा त्याने नकळत चोळला. मग पक्कड उचलली, वायरीची दोन्ही टोके छाटली, तांबे उघडे करून पीळ दिला, टेप गुंडाळली. कंप्रेसर खटकन लागला. जाळ्यांतून गार वारा वाहू लागला. त्या उन्हात तो एखाद्या तळघरातून आल्यासारखा वाटत होता.

"हे काय केलंस?"

"तुला वाचिवलं, येड्या."

अण्णा रस्ता ओलांडून आले. "काय निघालं?"

"उंदीर, अण्णा. वायर कुरतडली हुती. जोडली."

अण्णा बॉनेटखाली वाकले. फेंडरवर छाटलेले दोन तुकडे तसेच पडले होते. ते फेकायचे उत्तरेश्वर विसरला होता. राजकारणात येण्याआधी बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्यात अण्णांची उमेदीची वर्षे गेली होती. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरून उन्हाकडे फिरवला. नख दोन्ही टोकांवरून नेले. दोन्ही सरळ होती, कुरतडलेले एकही नव्हते.

"उंदीर लई शिकल्यात आजकाल," ते म्हणाले आणि तुकडा खिशात टाकला.

रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रक खडखडत गेला. अण्णांनी सुग्रीवच्या मानेवर हात ठेवला, लेकराच्या ठेवावा तसा.

"दमलास गड्या. आन ती चावी. घाटापस्तोर म्या चालवितो."

"मी हाय की, अण्णा."

"माज्या जागंवर बस. बघ तरी कसं वाटतंय."

सुग्रीवने उत्तरेश्वरकडे पाहिले. उंदराचे नाव सांगून बसलेल्या उत्तरेश्वरने मान खाली घालून पक्कड पुसायला घेतली. मागचे डावे दार उघडले आणि लागले. काळ्या काचेने सुग्रीवचा चेहरा गिळून टाकला.

दिवस बुडताना, घाटाजवळ नदीच्या वळणावर गाडीचा वेग मंदावला. मागची डावी काच सावकाश खाली सरकली. आतून एका हाताची बोटे तिच्या कडेला धडपडली. काच अर्ध्यावर आली, थांबली आणि पुढून अण्णांनी बटण दाबल्यासारखी पुन्हा पूर्ण उतरली.