दहा मोजायच्या आत

घोलवडच्या घरच्या वाडीत पंप चालवणारी पेटी पुन्हा गोठली, जागच्या जागी अडकून पडली. आणि या वेळी ओल मोजणाऱ्या सळईची वायर पीयूषने स्वतः काढली होती.

पेटी त्यानेच बनवलेली. आत छोटा संगणक, आणि त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळा कारभार जिथून चालतो त्या गाभ्यात, पीयूषने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे बाहेरची उपकरणं हाताळणारा प्रोग्राम. चिकूच्या आळ्यात रोवलेली सळई मातीतली ओल सांगायची, पेटी पंप चालू-बंद करायची. गेल्या वर्षी ती चारदा गोठली, पंप चालूच राहून दोनदा मोटार जळली, आणि खापर फुटलं सदूवर. सदू तलासरीकडचा, या वाडीत तीस वर्षं राबलेला. आळं खणताना कुदळ लागू नये म्हणून तो सळईची वायर काढायचा, सळई धुवायचा आणि परत जोडून द्यायचा.

"शेट, वायर काढली का पेटी लगेच नाय मरत," सदूने तेव्हा सांगितलं होतं. "दहा मोजायच्या आत मरते. कधी तिनावर, कधी नवावर."

मोठ्या कॉलेजात शिकून आलेल्या माणसाला सदूचं मोजणं कुठलं ऐकू येतंय! "काका, तुम्ही कशालाच हात लावू नका!" पीयूष सगळ्या गड्यांसमोर ओरडला. दुसऱ्या दिवसापासून सदू आला नाही. पेटीही नंतर कधी गोठली नाही, म्हणजे पीयूषच्या लेखी पुरावाच मिळाला. सळयांवर मातीची पुटं चढत गेली, पण तिकडे कोण बघतो? आज ती खरवडायला पीयूषने वायर उपसली आणि सहा सेकंदांत पेटी गेली.

त्याने कर्नलची मेमरी तपासणी चालू केली, पुन्हा वायर काढली. पडद्यावर उमटलं: ही जागा इथे मोकळी केली, तीच पुढे इथे वापरली. दोन्ही ओळी त्याच्याच हातच्या. वायर निघाली की ड्रायव्हर सळईसाठी घेतलेली मेमरी मोकळी करत होता, पण दर दहा सेकंदांनी वाचन घेणारा टायमर तसाच चालू राहायचा. तो जुन्या जागेत लिहायला जायचा, तोवर ती दुसऱ्या कामाला दिलेली असायची, आणि पेटी गोठायची. म्हणजे वायर काढल्यावर दहा मोजायच्या आत कधीही. सदूचा हिशेब तंतोतंत बरोबर होता.

आधी टायमर थांबवायचा, मग जागा सोडायची. एका ओळीचं काम! त्याने पन्नास वेळा वायर काढून पाहिली, पेटी चालूच राहिली. पीयूषला आनंद झाला नाही, स्वतःची लाज वाटली.

दुपारी नवी सळई घेऊन तो सदूच्या पाड्यावर गेला. सदू ओट्यावर बसला होता.

"काका, चूक माझी होती. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. तुम्ही सांगत होता तेच खरं निघालं."

सदूने हसून मान डोलावली. मग आत हाक दिली, "हिरे, शेटला पंखा लाव गं."

बटण सदूच्या खांद्याला लागूनच होतं. तांदूळ निवडणं टाकून त्याची बायको बाहेर आली आणि तिने ते दाबलं.

"गेल्या सालापासून बटनाला हातच नाय लावत ह्यो," हिरी म्हणाली. "म्हणतो, माझ्या हातानं मशीन जळते."

पीयूषने सळई पुढे केली. "काका, उद्या या. ही तुम्हीच जोडा."

सदूने दोन्ही हात काखेत दडवले.

"नको शेट. परत मोटार जळली तं?"