तळ्यावरचं कुरण

मी म्हैस बोलतेय. रागाने बोलतेय, तेव्हा लाडीगोडीची अपेक्षा ठेवू नका. माणसं आम्हाला मठ्ठ म्हणतात. म्हणोत बापडी. तळ्याची वाट लावली ती आम्ही नव्हे.

माझा जन्म तळ्याकाठच्या गोठ्यातलाच. मालकीण घरोघरी दूध घालते. दुपारी तिने दावं सोडलं की मी थेट पाण्यात. नाकपुड्या तेवढ्या वर ठेवायच्या आणि डोळे मिटून रवंथ करायचं. कुणी कितीही हाका मारो, मी बाहेर यायची नाही. ‘म्हैस पाण्यात आणि बाहेर मोल’ ही म्हण माझ्यावरूनच निघाली असावी.

मग मालकिणीच्या धाकट्या जावेने कुठून तरी जांभळ्या फुलांचं एक रोप आणलं. जलपर्णी म्हणतात त्याला. बघता बघता ते अंगणातल्या टपात मावेना.

"टाक की उकिरड्यावर," मालकीण म्हणाली.

"अहो ताई, जिवंत रोप ते. उकिरड्यावर कसं टाकायचं? तळ्यात सोडते, जगेल बिचारं."

जगलं. असं जगलं की पाणीच दिसेनासं झालं. मासे उलटे तरंगले, बगळे निघून गेले, डास तेवढे मुक्कामाला आले. लोक मात्र काठावर उभे राहून फोटो काढायचे. काय तर म्हणे, किती छान फुललंय! मला पाण्यात उतरता येईना. उन्हाने माझी कातडी तडकली, पण ते एक वेळ सोडा.

मला पारडी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. तिने तळं कधी पाहिलंच नव्हतं. तिला दिसलं ते हिरवंगार कुरण. मी रेकेपर्यंत ती उड्या मारत त्यावर गेलीसुद्धा. हिरवळ दबली, फाटली आणि पुन्हा मिटली. मी मागोमाग झेप घेतली, तर मुळांच्या गुंत्यात माझेच पाय अडकले. मालकीण आणि तिच्या नवऱ्याने मला दोराने ओढून काढलं. पारडीलाही काढलं, पण फार उशिरा.

"असं कसं गं झालं," म्हणत धाकटी जाऊ रडत बसली. तिचं रडणं मला बघवेना, इतका संताप आला. तुझी दया माझ्या लेकराच्या जिवावर उठली, बाई.

त्यानंतर मी पान्हा सोडला नाही. सोडायचा कुणासाठी? मालकिणीने चुचकारलं, अंबोण वाढवलं आणि शेवटी गिऱ्हाईक पाहिलं.

आता मी टेम्पोत उभी आहे. नव्या मालकाच्या दारात स्वच्छ तळं आहे म्हणे. मालकीण माझ्या मानेवरून हात फिरवून डोळे पुसत आत गेली. मागून धाकटी जाऊ आली, हातात पाण्याची बादली. मला वाटलं, प्यायला आणली. तिने ती माझ्या मागे नीट टेकवून ठेवली.

"दादा, हे रोप त्यांच्या घरच्या बाईंना द्या हं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "फुलं फार सुंदर येतात. जपून न्या, जीव आहे त्यात."

माणसांनो, दया जरूर करा, पण ती कुणाच्या जिवावर करताय ते आधी बघा. एवढंच सांगायचं होतं. माझी मान आखूड बांधलीय, पण मागचे पाय मोकळे आहेत. बादली नेमकी कुठे आहे, ते मी खुराने चाचपतेय.