टिनाचा होकार

कांजूरच्या कचऱ्याच्या डंपिंगचा वास एकवेळ परवडला, पण मॉनिकाचं हे गोडगोड बोलणं नको, असं रूथला झालं होतं. चर्चच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून तिची ही थोरली बहीण लेकीला पढवत होती. "फादर विचारतील, राजीखुशीने करतेस ना? हो म्हणायचं. कोणी जबरदस्ती केली? नाही म्हणायचं. संपलं!"

टिना मान खाली घालून ऐकत होती. साखरपुड्याच्या जेवणात होणाऱ्या नवऱ्याने, ॲश्टनने, तिच्या थोबाडीत मारली होती, सगळ्यांदेखत. तिने लग्न मोडते म्हटलं, तर मॉनिका चार दिवस जेवली नाही. हॉल बुक झालाय, लोक काय म्हणतील, लग्नानंतर सुधरतात गं पुरुष! शी! पोटच्या पोरीला कोणी असं खाईत ढकलतं?

लग्नाआधी फादर एकेकाला आत बोलावून, बायबलवर हात ठेवायला लावून विचारतात. नवरानवरीचा मनापासूनचा होकार म्हणजेच लग्न. तो नसेल तर खुद्द बिशपने आशीर्वाद दिला तरी ते लग्नच नव्हे. आणि ही बया तोच होकार पोपटासारखा पाठ करून घेत होती!

टिना आत गेली, पाच मिनिटांत बाहेर आली. "म्हटलं हो," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मॉनिकाने तिची पाठ थोपटली.

मग साक्षीदार म्हणून रूथला बोलावलं. नवरीला लहानपणापासून ओळखणारं माणूस लागतं.

"टिना आपल्या मर्जीने लग्न करतेय ना?" फादर कार्लनी विचारलं. पेन फॉर्मवर टेकलंही होतं.

"नाही, फादर."

"ती आत्ताच हो म्हणून गेली."

"तिला मारलंय त्या मुलाने. आईने उपाशी राहून तिच्याकडून तो हो काढून घेतलाय."

"खात्रीने सांगताय?"

"एकतीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी मीही हो म्हटलं होतं. खोटं. आमच्या आईने पढवलेलं. तेव्हापासून माझीच मला किळस येते."

फादरनी फॉर्म मिटला. "टिनाला परत पाठवा. एकटीला."

रूथने बाहेर येऊन सांगितलं, "जा गं, मी खरं सांगून टाकलंय."

मॉनिका ताडकन उठली. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस!"

टिनाने आईचा हात झटकला, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यात बाहेर गाडीत बसलेल्या रोनाल्डने, रूथच्या नवऱ्याने, हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याची जेवायची वेळ झाली होती. वाजव मेल्या, म्हणत रूथ बाकावर ठाण मांडून बसली.