वहिनींची सरळ चाल

वहिनींच्या खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला होता, आणि दुकानात हे कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नव्हतं. बुटांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं आणि उठायचं. लंगडणाऱ्या बाईकडून बूट कोण घेणार? म्हणून वहिनी (शेठपासून हमालापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत) उठताना गिऱ्हाइकाच्या बुटाचं टोक चाचपल्यासारखं करत, खोकं खुब्याशी दाबून धरत, आणि गाल आतून दातांत धरून हसत हसत सरळ चालत. हे सोंग इतकं अंगवळणी पडलं होतं की कधीकधी घरीसुद्धा सुटत नसे.

सांधा बसवला तेव्हा नवऱ्याच्या नोकरीचा विमा होता. नवरा गेला आणि विमाही गेला. नवा विमा काढायला आलेल्या एजंटाने जुन्या सांध्याचं नाव ऐकलं आणि चहा अर्धा टाकून काढता पाय घेतला. सरकारी दवाखान्याने "नंबर लागला की कळवू" म्हटलं होतं. ते अजून कळवतायत. उरली एक धर्मादाय संस्था. ती गरजूंचं ऑपरेशन फुकट करून देई, पण आधी समितीपुढे उभं राहावं लागे.

"वहिनी, तिथे चांगलं लंगडा हं," नणंदेने निघताना बजावलं.

"सोंग कशाला? आहे तेच दाखवायचं."

"तेच तर तुम्हाला जमत नाही!"

समितीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं होते. मध्ये डॉक्टर, एका बाजूला जाड चष्म्याच्या बाई, आणि दुसऱ्या बाजूला चक्क दुकानाचे शेठ. ते समितीवर नवीनच आले होते. दारापासून खुर्चीपर्यंत आपण कशा गेलो हे वहिनींचं वहिनींना कळलं नाही. पाय सरळ पडले, ओठांवर दुकानातलं हसू आलं. मेल्या पायांना मालक तेवढा बरोबर ओळखता येत होता.

"अरे, या तर आमच्या वहिनी!" शेठ खुलले. "डॉक्टरसाहेब, अशी बाई शोधून सापडणार नाही. दिवसभर उभ्या असतात, पण कधी हूं की चूं नाही."

शेठ अगदी मनापासून बोलत होते, हेच वाईट.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "सांधा सैल आहे खरा. पण चालताय की छान! कामावरही जाताय. ज्यांचं काम सुटलंय त्यांना आम्ही आधी घेतो."

वहिनींचं डोकं फिरलं. शेठचा राग आला, डॉक्टरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या चालीचा आला. त्या उठल्या. गाल सोडला, हसू सोडलं, पाय पडेल तसा पडू दिला. भिंतीपर्यंत गेल्या, भिंतीला हात टेकून वळल्या, आणि परत येईतो डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अशी चालते मी. रोज."

"येताना तर बऱ्या होतात," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "नकार मिळाला की सगळ्यांचेच पाय असे वाकडे पडतात." डॉक्टर खाली बघून हसले.

शेठ हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे इतके दिवस तुम्ही मला फसवत होतात? उद्या दुकानातल्या शिडीवरून पडलात तर मी काय करायचं? नको, वहिनी. उद्यापासून येऊ नका."

वहिनी डॉक्टरांकडे वळल्या. "घ्या, सुटलं काम. आता घ्या मला आधी!"

"नवा अर्ज करावा लागेल," बाई कागद चाळत म्हणाल्या. "आणि या नाटकाची नोंद राहील. पुढच्यांना पाठवा."

टेबलाला धरून वहिनी उभ्या राहिल्या. तिघंही आता त्यांच्या पायांकडेच बघत होते. दारापर्यंत कसं चालत जायचं, हेच त्यांना कळेना.