गिअरबॉक्समधला फेस

गाडी म्हातारी झाली असं कुणी म्हटलं की ताई शांतपणे विचारत, "मग मी कोण?" समोरचा घाईने विषय बदले.

ताईंचा धंदा केस कापण्याचा, पण दुकान थाटून नव्हे. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत, ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्या घरी जाऊन त्या केस कापत आणि डोकं धुऊन देत. डिकीत घडीचं बेसिन, बादली, टॉवेलांची चळत आणि कात्र्यांची काळी बॅग. मागे एकदा जिन्यावरून पडल्या, ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे क्लच दाबण्याचा प्रश्नच मिटला होता. गाडी चालवायची तर ऑटोमॅटिकच, आणि मिळाली ती ही, तिसऱ्या मालकाच्या हातून आलेली. दांडी 'डी'वर आणली की गिअर बदलायचं काम तिचं, रस्ता बघायचं काम ताईंचं. ताई आता घरी बसणार असं ज्यांनी धरलं होतं, त्यांच्यासमोरून त्या हॉर्न वाजवत गेल्या होत्या.

ऑपरेशननंतर त्यांनी घरात एकच कायदा केला होता. मला कुणी हात द्यायचा नाही, माझं मी करते. बॅग उचलायला नवरा पुढे झाला की त्या अशा काही बघत की त्याचा हात आपोआप खिशात जाई. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि बोलणं घड्याळापेक्षाही कमी. तोही कायदा पाळत होता.

गेल्या काही आठवड्यांपासून मात्र गाडीने अंगचोरपणा सुरू केला होता. सकाळी गुणी बाळासारखी निघायची. तासाभराने, चांगली तापल्यावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि चाकांना काही पत्ताच नसायचा. मग एकदम धक्का देऊन पुढे. चढावर तर रडकुंडीला यायची.

ताईंचा धाकटा भाऊ जन्मभर ट्रक चालवून आता निवृत्त झालेला. त्याने दोन फेऱ्या मारून निकाल दिला की गिअरबॉक्स संपला. उघडायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि जुन्या गाडीचे भाग मिळणार कुठे? त्याने गाडी मोडीत काढणारा माणूसही ठरवून टाकला. तो आज संध्याकाळी येणार होता. नवऱ्याने मान डोलावली आणि म्हणाला की यापुढे तो ताईंना स्वतःच्या गाडीतून सोडत जाईल. म्हणजे दुकानाला सुट्टी असेल त्याच दिवशी लोकांचे केस कापले जाणार. ताईंनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की गिअरबॉक्स खरंच गेला असेल तर चावी त्या स्वतःच्या हाताने देतील, पण गेला आहे हे आधी कळू दे. मग बॅग उचलून त्या कामाला गेल्या.

गाडी बरोबर चढावर अडली. वर, चढ संपतो तिथेच, बँकेतल्या जुन्या कॅशियर बाई राहत. त्या खिडकीत बसून ताईंची वाट बघत असणार. इंजिन ओरडत होतं आणि गाडी हळूहळू मागे यायला लागली होती. ताईंनी ब्रेक दाबून ती मागच्या सपाटीवर सावकाश उतरू दिली, कडेला घेतली, दांडी 'पी'वर टाकली आणि इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. घाबरण्याचं काम त्यांनी गुडघ्याबरोबरच सोडून दिलं होतं.

गिअरबॉक्सचं तेल मोजायची लांब पट्टी त्यांनी टॉवेलने धरून ओढली. पट्टीवर तेल होतं, लाल, आणि त्यात फेस. खुणेच्याही कितीतरी वर, पार वरपर्यंत बुडबुडे चिकटलेले. आयुष्य शाम्पूच्या फेसात गेलेल्या बाईला फेस काय तो नव्याने कळायला हवा होता? शाम्पूच्या पंपात हवा शिरली की कितीही दाबा, हातावर नुसता फसफसाट येतो. इथेही ज्या तेलाच्या दाबाने गिअर बसायचे, त्यात हवा मिसळली होती. तेल कमी पडलं की हवा शिरते, पण कमी असतं तर पट्टीवर इतकं वर चढलं कसं? ताईंनी पट्टी पुसून पुन्हा घातली आणि पुन्हा काढली. तेल कमी नव्हतं. जास्त होतं, आणि त्यांनी स्वतः तर एक थेंबही घातला नव्हता.

त्यांनी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला की गाडी पूर्ण गार होऊ द्या, फेस बसेल, मग हळू आणा. गार होईपर्यंत करायचं काय? ताई बॅग घेऊन चढ चढल्या, कॅशियर बाईंचे केस कापले, डोकं धुतलं, त्यांच्या सुनेच्या चार तक्रारी ऐकल्या आणि दोन मान्य केल्या. मग खाली येऊन गाडी गॅरेजला घातली आणि नवऱ्याला आणि भावाला तिथेच बोलावून घेतलं.

गॅरेजवाल्याने गाडी एक चक्कर मारून तापवली, पट्टी काढली, तेल बोटावर घेतलं आणि हुंगलं. आतल्या चकत्या जळल्या असत्या तर तेल काळं पडून करपट वास आला असता, तसं काही नाही, असं तो म्हणाला. मग त्याने पट्टीवरच्या दोन खुणा दाखवल्या. खालची गार गाडीची, वरची तापलेल्या गाडीची. तापल्यावर तेल फुगतं. कुणीतरी गार गाडीवर मोजून वरच्या खुणेपर्यंत भरत गेलं आहे. आत फिरणारे भाग त्या जादा तेलात घुसळतात, म्हणून हा फेस.

"कोण?" ताईंनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. भाऊ छताकडे बघायला लागला आणि नवरा बुटांकडे. आधी भाऊ फुटला. दर रविवारी तो जेवायला यायचा तेव्हा ताई आत असताना हळूच बॉनेट उघडायचा. ट्रकवाल्याची सवय, तेल गार गाडीवर बघायचं. ऑटोमॅटिकला इंजिन चालू ठेवावं लागतं एवढं त्याने कुठूनतरी ऐकलं होतं, पण आधी गाडी तापवायची हे राहिलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. तेल वरच्या खुणेला टेकेपर्यंत दर रविवारी तो थोडं थोडं घालत गेला. तेल कमी म्हणजे कुठेतरी गळती असणार, असं त्याने धरलं होतं.

"रविवारी तू," गॅरेजवाला म्हणाला. "पण हे एवढं एका माणसाचं काम नाही."

नवऱ्याने घसा साफ केला. तो रोज सकाळी दूध आणण्याच्या निमित्ताने खाली जायचा आणि गिअरबॉक्सच्या नळीत झाकणभर तेल घालायचा. घड्याळ अडलं की तेल, हा त्याचा उभ्या आयुष्याचा अनुभव. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता आणि दोघांनीही ताईंपासून लपवलं होतं.

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तू हात लावू देतेस का कशाला?" नवरा म्हणाला. त्याच्या मानाने हे फार मोठं भाषण होतं, पण तो थांबला नाही. "जिना चढताना तुझ्या मागे नुसता उभा राहतो मी. तुझ्यासाठी काही करता येत नाही, तर म्हटलं गाडीसाठी करावं."

ताईंना आधी हसू आलं. दुखणं गुडघ्याला आणि औषध गिअरबॉक्सला, असं त्या म्हणाल्यासुद्धा. मग हसू मध्येच राहिलं. या दोघांनी आपल्यावरची माया लपूनछपून, झाकणाझाकणाने त्या नळीत ओतली होती, कारण दुसरीकडे ओतायला आपण जागाच ठेवली नव्हती. हे त्यांना कळलं आणि वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

गॅरेजवाल्याने पट्टीच्याच नळीतून बारीक पाइप आत सोडला आणि हातपंपाने जादा तेल उपसलं. डबा भरत आला तसा भावाचा चेहरा उतरत गेला. अति तेथे माती, असं गॅरेजवाला पुटपुटला आणि बॉनेट लावलं. आता चढच काय ते सांगेल, असंही म्हणाला.

गाडीत ताई, शेजारी नवरा, मागे भाऊ. मुद्दाम लांबून फिरून, गाडी चांगली तापवून ताईंनी तोच चढ धरला. निम्म्यावर गाडी क्षणभर दबली. भावाने सीटची कड धरली. मग आत कुठेतरी गिअर बसला आणि ती एका दमात वर गेली, कॅशियर बाईंच्या खिडकीखालून, अगदी मानाने. भावाने न सांगता फोन काढला आणि मोडीत काढणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं.

ताईंचं आज अजून एक घर बाकी होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भावाला गाडीपाशी ठेवून त्यांनी डिकी उघडली. नेहमीसारखी बॅग खांद्याला लावली, बेसिन उचललं, आणि थांबल्या. नवरा दोन पावलं मागे, हात खिशात घालून उभा होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही बॅग घ्या. आणि जिन्यात हात द्या मला."

त्याने बॅग घेतली, बेसिनही घेतलं, आणि मग बावचळून बघत राहिला, कारण हात द्यायला हातच उरला नव्हता. ताईंनी बेसिन परत काढून घेतलं, त्याच्या मोकळ्या हाताला धरलं आणि पहिली पायरी चढल्या.